परदेशी निघालेल्या मुलीची शिदोरी



जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात आपली एक माजी विद्यार्थिनी आईला घेऊन आमच्या कार्यालयात पेढे द्यायला आली. हिचे वडील साखर कारखान्यात कामाला आहेत, आजोबा ऊसतोडीसाठी नंदुरबारकडून आलेले. मुलगी सुरतेला बी.एस्सी. झाली आणि आता सप्टेंबरात एम.एस्सी.साठी इंग्लंडला, लेस्टर शहरी जाते आहे. घर तारण ठेवून कर्ज काढलं आहे. त्यांच्या भाऊबंदांत विमानात बसणारी ही पहिलीच. आम्ही अभिनंदन केलं, विषय कोणता, फी किती, वसतिगृह कुठं, असं सगळं विचारलं. माउली मात्र गप्प बसून होती. निघताना दारात थांबली आणि आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "सर, तठे पोर काय खाई?"

आम्ही मुख्याध्यापकाला शोभेल असं काहीतरी उत्तर दिलं. "सगळं मिळतं हो ताई तिकडे, काळजी करू नका." त्या गेल्या आणि आम्हाला आमच्याच उत्तराची लाज वाटली, कारण असंच एक गुळगुळीत वाक्य आम्ही पूर्वी एकदा बोललो होतो आणि ते एका मुलाला फार महागात पडलं होतं. ती हकीकत पुढे येईलच. पत्रिकेच्या संपादक बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सर, मग खरं उत्तर लिहूनच द्या." म्हणून हा लेख. आमचं कॉलेज खंडव्याला, सगळं हिंदी माध्यमातून झालेलं, त्यामुळे लेखात हिंदी वळणं दिसतील. बाई दुरुस्त करतील तेवढी करतील.

आमचा परदेशाचा अनुभव म्हणाल तर एकदाच, २०१८ च्या मे महिन्यातला. आमचे साडू लेस्टरला असतात, त्यांच्याकडे पंधरा दिवस. त्याआधी एकदाच विमानात बसलो होतो, सुरत ते दिल्ली, आणि त्या विमानात चहा-सँडविचचे पैसे घेतात हे पाहून ठेवलेलं. मुंबईहून लंडनच्या विमानात बसलो. हवाई सुंदरी ट्रॉली घेऊन आली, इंग्रजीत भराभर काही विचारलं. आम्हाला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची लाज. शिवाय मनात हिशेब : इथं चहाच पाचशेचा असेल! आम्ही हसून म्हणालो, "नो, थँक यू." दुसऱ्यांदा आली, तेव्हाही "नो, थँक यू." पस्तीस वर्गांना शिस्त लावणारे आम्ही, नऊ तासांचा प्रवास आणि पोटात कावळे. शेजारी एक गुजराती आजी बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग पिशवीतून थेपले काढून आमच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "भाई, आ तो टिकिटमां ज आवी गयुं छे, लई लो ने!" म्हणजे जेवणाचे पैसे तिकिटातच भरलेले होते. आम्ही पैसे भरून उपाशी बसलो होतो.

हसू नका. आपण सगळे ज्यांच्या नावानं बारडोलीचा अभिमान बाळगतो, त्या गांधीजींचंही १८८८ मध्ये असंच झालं होतं. आपली मुलं दरवर्षी स्वराज आश्रम बघायला जातात, १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी कशी मिळाली हे त्यांना पाठ असतं. परंतु एकोणिसाव्या वर्षात असलेला मोहनदास नावाचा मुलगा ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोटीत बसला तेव्हा त्याची काय अवस्था होती, हे 'सत्याचे प्रयोग' मध्ये वाचायला हवं. काटे-चमचे धरता येत नाहीत, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडस नाही. म्हणून तो जेवणाच्या टेबलावर गेलाच नाही. बरोबर नेलेली मिठाई आणि फळं आपल्या खोलीत बसून खात राहिला. लंडनला पोचल्यावर सकाळी ओटची लापशी मिळे तेवढी पोटभर, दुपारी-रात्री पालक, पाव आणि जॅम. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की अजून मागायची लाज वाटे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आईला मांस-मदिरा न घेण्याचा शब्द दिलेला होता, तो मोडायचा नव्हता. शेवटी रोज मैल-मैल पायपीट करून त्यांनी फॅरिंग्डन रस्त्यावर एक शाकाहारी खाणावळ शोधून काढली आणि इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. उपाशी राहण्यातलं खरं कारण तिथं अन्न नव्हतं हे नव्हतंच. लाज हे कारण होतं.

आता त्या मुलाची हकीकत. २००९ मध्ये आपल्या शाळेचा एक हुशार विद्यार्थी स्कॉटलंडमधल्या एका लहान गावी शिकायला गेला. आम्ही तेव्हा नुकतेच या खुर्चीवर बसलो होतो. सभागृहात त्याचा सत्कार केला, शाल-नारळ दिला आणि भाषणात सर्वांसमक्ष सांगितलं, "बाळ, वडिलांच्या घामाचा एकेक पैसा जपून वापर." टाळ्या पडल्या. तो मुलगा तिथं दुकानात जाऊन प्रत्येक वस्तूची किंमत ऐंशीनं गुणायचा, कारण पाउंड तेव्हा ऐंशी रुपयांच्या आतबाहेर होता. सफरचंद म्हणजे एवढे रुपये, दूध म्हणजे एवढे रुपये. गुणाकार झाला की वस्तू परत फळीवर. चार महिने त्यानं पाव, केळी आणि नुसत्या भातावर काढले. घरी फोनवर सांगायचा, "आज राजमा केला, आज पनीर." नऊ किलो वजन उतरलं, आणि एके दिवशी प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुठं खरं बोलला. आई-वडिलांना तर दोन वर्षांनी कळलं. आम्हाला कळलं २०१६ साली, जेव्हा तो नोकरीला लागून, लग्न करून, शाळेत भेटायला आला. आम्ही विचारलं, "अरे, कोणाला सांगितलं का नाहीस?" तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमचं ते वाक्य डोक्यात बसलं होतं." त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. आम्हाला मात्र त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

म्हणून या मुलीला आमचं पहिलं सांगणं हे की, बेटा, पाउंडाला रुपयानं गुणू नकोस. आता तर पाउंड शंभरच्या बराच वर गेला आहे, गुणलंस तर पाण्याचा घोटही घशाखाली उतरायचा नाही. महिन्याचं खाण्याचं पाकीट वेगळं काढ, ते खाण्यावरच संपव आणि त्यातून बचत करायची नाही असा नियम कर. स्वतः शिजवलंस तर डाळ, तांदूळ, कणीक, बटाटे, अंडी (खात असशील तर), गोठवलेले मटार हे तिथंही स्वस्तच पडतं. महाग पडतं ते बाहेरचं. गांधीजींनीही पुढे हाच मार्ग धरला होता. खोली घेऊन सकाळी लापशी आणि कोको स्वतः करायचे, रात्री पाव आणि कोको, फक्त दुपारचं जेवण बाहेर. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगात भागवत. मात्र ते पोटभर जेवायला शिकल्यानंतरचं हे आहे, आधीचं नाही.

दुसरं, आईला फोनवर खरं सांग. "आज काही केलं नाही, कंटाळा आला" असं सांगितलंस तर ती ओरडेल, पण तिला चालेल.

आता सामानाचं. आईनं मे महिन्यातच बिबडे करून ठेवले आहेत असं कळलं, हे उत्तम. आपल्या खानदेशी बिबड्यांसारखी परदेशी न्यायला सोयीची वस्तू दुसरी नाही. कोरडे, हलके आणि वर्षभर टिकणारे. पापडाची थोरवी आम्ही उगीच गात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये पहिल्यांदा परदेशी गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. आपल्या शेजारचं व्यारा आणि सोनगढ त्याच संस्थानात होतं. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. पुढे १९२० मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले तेव्हा हात फारच तंग होता. निवासाच्या जागी मिळणारं खाणं अगदी तुटपुंजं, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात अभ्यास, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसानं दिलेले पापड भाजून खायचे, असं त्यांच्या चरित्रात आहे. तेव्हा बिबडे न्यायला लाजू नकोस.

मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, शेंगदाण्याची कोरडी चटणी, चहाचा मसाला, हे सगळं पक्कं बंद करून मोठ्या बॅगेत. लोणचं नेणार असशील तर तेही मोठ्या बॅगेतच आणि तीन पिशव्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेत तेलकट पातळ पदार्थ अडवतात. सुक्या खोबऱ्याची वाटी नेऊ नकोस. खोबऱ्यात तेल असल्यामुळे पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत ते धरतात आणि विमानात नेऊ देत नाहीत. पेढे, बर्फी, तूप हेही राहू दे, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये मनाई आहे. एखाद्या मावशीनं प्रेमानं दिलेला खव्याचा डबा कस्टमवाला कचऱ्यात टाकतो तेव्हा जीव तुटतो. आमचा तुटला आहे. आमच्या पत्नीनं साडूंकडे द्यायला दिलेले पेढे होते.

तिथं पोचल्यावर खाण्यापिण्यात फसगत होते ती बहुधा शब्दांमुळे. साडूंच्या शेजारणीनं आम्हाला "टी" ला बोलावलं. आम्ही चहा समजून पोटभर जेवून गेलो, तर तिनं पानं मांडलेली! त्या भागात संध्याकाळच्या जेवणालाही टी म्हणतात. ब्लॅक पुडिंग हे नाव वाचून चॉकलेटची मिठाई समजशील, पण ते डुकराच्या रक्तापासून करतात. उलट नाताळात मिळणारे मिन्स पाय नावानं खिम्याचे वाटतात आणि आत मनुका-बेदाण्यांचं गोड सारण असतं. तरी त्यातही कधी कधी जनावराची चरबी घातलेली असते, म्हणून पाकिटावर शाकाहारी असल्याची खूण बघायची. जेली, च्युइंगच्या गोळ्या, काही दह्यांमध्ये जिलेटिन असतं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायला दोन मिनिटं लागतात, दुकानात कोणी हटकत नाही.

पिण्याचं म्हणशील तर नळाचं पाणी तिथं बिनधास्त प्यायचं, बाटलीवर पैसे घालवू नकोस. सायडर नावाचं पेय सफरचंदाच्या रसासारखं दिसतं, पण इंग्लंडात सायडर म्हणजे दारूच. वर्गातली मुलं पबमध्ये बोलावतील. जाऊ नकोस असं आम्ही सांगणार नाही, कारण ओळखी तिथंच होतात. संत्र्याचा रस मागितला तर कोणी नाव ठेवत नाही. फक्त एक रीत लक्षात ठेव, तिथं प्रत्येकजण आळीपाळीनं सगळ्यांसाठी पेयं आणतो, त्याला राउंड म्हणतात. सहा जणांच्या टोळक्यात शिरलीस तर एकदा सहा पेयांचे पैसे तुझे. ते नको असेल तर सुरुवातीलाच हसून सांगायचं की माझं मी घेईन.

आणि आता गंमत ऐका. या मुलीला लेस्टरला सर्वांत जास्त उपयोग कशाचा होणार, तर गुजरातीचा! १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले हजारो गुजराती लोक लेस्टरला वसले. तिथला बेलग्रेव्ह रोड म्हणजे दुसरं बारडोलीच. फाफडा, जिलेबी, ताजी मेथी, गवार, अळूची पानं, काय हवं ते. दिवाळीला सगळा रस्ता दिव्यांनी सजतो आणि त्याच रस्त्यावर २००९ पासून गांधीजींचा पुतळा उभा आहे. आम्ही एका दुकानात आपले बारडोलीचे पातरा मागितले, म्हणजे आपली अळूवडीच हो. मालकानं विचारलं, "कया गामना?" आम्ही बारडोली म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. त्याचे मामा कडोदचे निघाले. आपल्याकडे काही पालक विचारतात, मराठी घरातल्या मुलांना गुजराती कशाला? त्यांना आम्ही हेच सांगतो.

कधी पैसे संपले, खोलीत काही शिल्लक नाही, असं झालंच तर शहराच्या मध्यावर होली बोन्स नावाच्या गल्लीत गुरुनानक गुरुद्वारा आहे. लंगरमध्ये बसायला जात, धर्म, ओळखपत्र काही लागत नाही. डोक्यावर ओढणी घ्यायची आणि पंगतीत बसायचं. ऐपत आली की एक दिवस भांडी घासायला जा, म्हणजे मनाला बरं वाटेल.

पहिल्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नाव नोंदव. व्हिसाबरोबर आरोग्य सेवेचे पैसे भरून घेतलेले असतात, ते विमानातल्या जेवणासारखे फुकट घालवू नकोस. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, शाकाहार आणि साडी सांभाळून त्या थंडीत शिकल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन परतल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या तेव्हा बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. डॉक्टर मुलगीसुद्धा स्वतःच्या खोकल्याकडे किती दिवस बघत बसली असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. थंडीचा कोट इथून नेऊ नकोस, तिथं घे, आणि चांगला घे. त्यालाही गुणाकार लावायचा नाही.

फिरण्याचं आता थोडक्यात सांगतो, कारण पाहण्यासारखं पुष्कळ आहे आणि आम्ही पाहिलं थोडं. डिसेंबरात तिथं दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो. खोलीत बसून राहिलं की घर फार आठवतं. म्हणून सुटीच्या दिवशी सकाळी बाहेर पडायचं, मग कुठंही जायचं. लेस्टरच्या विद्यापीठातच १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांचा शोध लावला, विज्ञानाच्या मुलीनं हे माहीत करूनच पाऊल टाकावं. २०१२ मध्ये याच शहरात मोटारी लावायच्या जागेखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. ओळख पटवायला त्याच्या बहिणीच्या वंशजांचा डीएनए कामी आला. २०१५ मध्ये त्याला तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा दफन केलं. पाचशे वर्षं राजा गाड्यांखाली पडून होता!

लंडन आगगाडीनं सवा-दीड तासावर आहे. तरुणांसाठी रेल्वेचं सवलत कार्ड मिळतं, तिकीट एक तृतीयांश कमी होतं. सेंट पँक्रास स्टेशनाला उतरलीस की बस-मेट्रो काही लागत नाही. पायी टॅव्हिस्टॉक चौकात जा, तिथं गांधीजी मांडी घालून बसले आहेत, १९६८ चा पुतळा. तिथून आणखी थोडं चाललीस की ब्रिटिश म्युझियम, प्रवेश मोफत. आपल्या आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पं तिथं आहेत. आपली वस्तू तिथं बघताना काय वाटतं ते आम्ही आधी सांगत नाही, तू बघून कळव. डबा बरोबर ने, चौकातल्या बाकावर बसून खायचा, तिथं सगळेच खातात. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं आहे, वेळ विचारून जा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे, गणपतीला गेलीस तर मोदकाची सोय होईल. मात्र पंचवीस डिसेंबरला कुठं जायचा बेत करू नकोस. त्या दिवशी आगगाड्या बंद, बहुतेक बसेस बंद आणि दुकानंही बंद. आदल्या दिवशीच दूध-पाव भरून ठेवायचं.

एक सूचना स्वयंपाकाची. वसतिगृहात फोडणी देताना धूर झाला की धोक्याची घंटा वाजते आणि सगळी इमारत नेसत्या कपड्यानिशी रस्त्यावर येते. साडूंच्या मुलानं दोनदा हा पराक्रम केला आहे. तेव्हा खिडकी उघडून, पंखा लावून, मंद आचेवर.

मुलगी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघते आहे. तिच्या यादीत सगळं झालं, कुकर तेवढा राहिला. कोणा पालकांकडे दोन किंवा तीन लिटरचा चांगला स्टीलचा कुकर वापरावाचून पडला असेल तर शाळेच्या कार्यालयात आणून द्यावा. तिथल्या विजेच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचा बहुधा चालत नाही, म्हणून बुडाला लोहचुंबक चिकटतो का हे घरीच बघून आणावं. लोहचुंबक नसल्यास प्रयोगशाळेत आहे. शिट्टी आणि रिंग मात्र नवी लागेल, ती आम्ही घेऊ.